काहिलीतल्या आकड्यापासून पेटंटपर्यंत: तापमानावर चालणाऱ्या यंत्राचा अर्ज कसा करावा

आमच्या करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मी पहिल्यांदा डिजिटल मीटर लावला, तेव्हा तिथल्या गुळव्या मामांनी तो पाच मिनिटं नुसता पाहिला. मग नेहमीसारखं उलथण्यावरून पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळून पाहिली आणि म्हणाले, "तुजं मशीन आकडा सांगतंय, खरं जाळ कवा वडायचा ते सांगतंय का?"

माझं पेटंट त्या एका प्रश्नातून निघालं. पण ते कळायला दीड वर्ष गेलं, एक चुकीचा अर्ज जवळजवळ दाखल झाला आणि एका 'सल्लागारा'ला दिलेले पैसे बुडाले. इनक्युबेटर, ड्रायर, शीतपेटी, रोस्टर, भट्टी असं तापमान मोजून चालणारं काही तुम्ही बनवलं असेल, तर निदान माझ्या चुका तरी तुम्ही करू नका.

१. अर्ज जाईपर्यंत तोंड बंद

पेटंटला शोध नवा लागतो. अर्जाच्या तारखेआधी तो तुम्ही स्वतःच जाहीर केला, तरी तो 'नवा' राहत नाही. यूट्यूबवरचा व्हिडिओ, कृषी प्रदर्शनातला स्टॉल, कॉलेजच्या प्रोजेक्ट स्पर्धेतलं पोस्टर, पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकलेले फोटो, सगळं यात धरलं जातं.

"बारा महिन्यांची सवलत असते" असं कोणीतरी हमखास सांगतं. असते, पण ती अरुंद आहे. सरकारने राजपत्रात जाहीर केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, किंवा शोधाचं स्वरूपच असं की चाचणी चारचौघांत घ्यावी लागते म्हणून केलेला वाजवी प्रयोग, एवढ्यापुरतीच. गावच्या जत्रेतला स्टॉल तिच्यात बसत नाही. मी एका प्रदर्शनात यंत्राची पेटी ठेवली होती. नशिबाने आतली गणित करणारी वायरिंग झाकलेली होती आणि झडप तेव्हा बसवलेलीच नव्हती, म्हणून वाचलो.

चाचणीसाठी दुसऱ्याच्या जागेवर जाणार असाल, तर एक पानी गोपनीयतेचा करार करून घ्या. गुऱ्हाळमालकाकडे कागद पुढे करताना मला लाज वाटली होती. तो म्हणाला, "आण की, सही करतो, त्यात काय!"

२. शोध नेमका कुठे आहे ते शोधा

हे नीट जमलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

सेन्सर, कंट्रोलर आणि बझर यांची मोट बांधली म्हणजे शोध होत नाही. तापमान वाढलं की वाकणाऱ्या द्विधातू पट्टीचं पेटंट अँड्र्यू यूर यांनी १८३० साली घेतलं. 'ठरलेल्या अंशाला बंद' ही कल्पना तेव्हापासूनची आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये, भांडी लेथवर धरून ठेवण्याच्या साधनाच्या पेटंटवरून झालेल्या बिश्वनाथ प्रसाद खटल्यात स्पष्ट केलं, की कारखान्यातला कुशल कारागीर सहज करेल अशी सुधारणा पेटंटला पुरत नाही.

मग पुरतं काय? अमेरिकेतले दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. तिथला कायदा इथे लागू नाही, पण डोकं साफ व्हायला फार उपयोगी आहेत. १९७८ च्या फ्लूक खटल्यात अर्जदाराने तापमान-दाबासारख्या आकड्यांसाठी धोक्याची मर्यादा सूत्राने सतत बदलायची पद्धत मांडली होती. शेवटी हातात एक आकडा उरत होता. पेटंट नाकारलं. १९८१ च्या डीअर खटल्यात रबर साच्यात शिजवायचं होतं. साचा उघडून रबर भरताना तो किती थंड झाला हे नक्की कळत नसे, त्यामुळे वेळ अंदाजाने धरायचे आणि माल कच्चा तरी राहायचा किंवा जास्त तरी शिजायचा. डीअर आणि लटन यांनी साच्याच्या आतलं तापमान सतत मोजलं, आरेनियसच्या जुन्याच समीकरणाने वेळ पुन्हा पुन्हा काढली, आणि वेळ भरली की प्रेस आपोआप उघडली. समीकरण कोणाच्या मालकीचं नव्हतं, तरी रबर शिजवण्याची ती पद्धत पाच विरुद्ध चार मतांनी पेटंटयोग्य ठरली.

माझ्या काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) अडचण जवळपास हीच होती. रस १०५ अंशांपर्यंत रेंगाळतो. तिथे उतरवला तर काकवी. पुढे पाणी कमी होत जातं तसा पारा धावायला लागतो आणि ढेपेच्या गुळासाठी साधारण ११६ ते ११८ अंशांवर काहील उतरवावी लागते. पण चिपाडाचा जाळ काही बटणाने विझत नाही. ११८ चा बझर वाजल्यावर जाळ ओढला, तरी तापलेलं चुलवाण पाकाला आणखी वर नेतंच. गूळ काळवंडतो. मामांना हे चाळीस वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं, म्हणून ते आकड्याआधीच हात वर करायचे.

माझा शोध म्हणजे तापमानाचा आकडा नव्हता. पाक किती वेगाने चढतोय आणि चुलवाणाची भिंत किती तापली आहे, यावरून 'आत्ता जाळ तोडला तर पाक कुठे थांबेल' हे काढायचं आणि त्याप्रमाणे हवेच्या तोंडाची झडप आधीच बंद करायची, एवढाच तो होता.

तुमच्या यंत्राबद्दल एक वाक्य लिहून पाहा: "तापमान मोजल्यामुळे ___ ही वस्तू ___ करते, आणि त्यामुळे ___ हा तोटा टळतो." मधल्या जागी 'आकडा दाखवते' किंवा 'मेसेज पाठवते' एवढंच आलं, तर अजून थांबा.

३. कलम ३ ची चाळण

पेटंट कायदा, १९७० चं कलम ३ कशाला पेटंट मिळत नाही ते सांगतं. आपल्यासारख्यांना यातली पाच पोटकलमं अडवतात:

- ३(एफ): स्वतंत्रपणे चालणाऱ्या जुन्याच वस्तूंची नुसती मांडणी. 'मीटर + पंखा + टायमर' इथे अडकतं.
- ३(के): निव्वळ संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम. प्रोग्रॅम आहे म्हणून अर्ज आपोआप बाद होत नाही. फरीद अल्लानी प्रकरणात २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तांत्रिक परिणाम पाहायला सांगितलं. म्हणून झडप, हीटर, कॉम्प्रेसर यांचं काय होतं ते लिहा.
- ३(एच): शेतीची पद्धत. पॉलिहाऊसवाल्यांनी 'टोमॅटो वाढवण्याची पद्धत' न म्हणता उपकरण मांडावं.
- ३(आय): उपचाराची आणि निदानाची पद्धत. ताप मोजायचं साधन चालेल, ताप मोजून रोग ठरवण्याची पद्धत चालणार नाही.
- ३(पी): पारंपरिक ज्ञान. मी पहिल्या मसुद्यात रस साफ करायला भेंडीचा चिकट पाणी-अर्क घालण्याची पायरीही क्लेममध्ये (आपला हक्क कशावर ते सांगणाऱ्या वाक्यांत) टाकली होती. ते तर आपले आजे-पणजे करत आले! वगळली.

४. आधी कोणी केलंय का ते पाहा

गूगल पेटंट्स, युरोपियन कार्यालयाचं एस्पासनेट, वायपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं) पेटंटस्कोप आणि आपल्या पेटंट कार्यालयाचं इनपास, चारही फुकट आहेत. नुसते शब्द टाकून शोधू नका, वर्गीकरणाचा कोड टाका (अर्थात रोमन अक्षरांत). तापमान मोजण्यासाठी जी०१के, दुरून प्रारणावरून मोजण्यासाठी जी०१जे ५, तापमान नियंत्रणासाठी जी०५डी २३, वाळवण्यासाठी एफ२६बी, फ्रिज-शीतपेटीसाठी एफ२५डी, स्वयंपाकाच्या उपकरणांसाठी ए४७जे, साखरेसाठी सी१३बी.

सापळा असा, की आपण आपल्याच धंद्यात शोधतो. गुळात मला काही सापडलं नाही म्हणून मी खूश होतो. तपासणी अधिकाऱ्याने मात्र मेणाच्या आणि साखरपाकाच्या भट्ट्या पुढे ठेवल्या. तुमची अडचण ज्याला ज्याला येत असेल (उष्णता साठून राहणं, उशिरा कळणं, दार उघडल्यावर थंड होणं) त्या सगळ्या धंद्यांत डोकवा. सापडलेल्या जवळच्या पाच-सहा पेटंटांपुढे 'यात काय नाही' हे एकेका ओळीत लिहा. पुढे उत्तर देताना हीच यादी कामाला येते.

५. वही ठेवा, आणि मीटरवर विश्वास ठेवू नका

अर्जात आकडे द्यायचे तर ते खरे हवेत. माझे पहिले तीन आठवड्यांचे आकडे फुकट गेले. पीटी-१०० हा प्लॅटिनमचा सेन्सर ० अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. मी दोन-वायरचा सेन्सर घेऊन चुलवाणापासून लांब खोलीपर्यंत बारीक वायर ओढली. वायरचाच रोध पाऊण ओहमच्या वर भरला, म्हणजे मीटर दोन अंश जास्त दाखवत होता. गुळात दोन अंश म्हणजे बाजारभावातला फरक. तीन-वायरचा सेन्सर लावल्यावर ते संपलं.

तपासायची सोपी रीत: बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून ० पाहा, उकळत्या पाण्यात वरचा आकडा पाहा. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या वर आहे. इथे पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. मी आधी सेन्सरलाच शिव्या घातल्या होत्या.

वहीत तारीख, जागा, सेन्सर कुठे आणि किती खोल, दर मिनिटाचं तापमान, आणि निकाल (रंग, कडकपणा) लिहा. फसलेले घाणे खोडू नका. 'या मर्यादेबाहेर चालत नाही' हे दाखवायला त्यांचाच आधार मिळतो.

६. प्रोव्हिजनल आधी, कंप्लीट नंतर

काम अजून चालू असेल तर प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन (शोधाचं तात्पुरतं वर्णन) टाकून तारीख पकडा. त्यानंतर १२ महिन्यांत कंप्लीट, म्हणजे पूर्ण वर्णन, दाखल झालंच पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. प्रोव्हिजनलमध्ये क्लेम लागत नाहीत, पण म्हणून दोन परिच्छेद खरडू नका. त्यात नसलेल्या गोष्टीला ती जुनी तारीख मिळत नाही. झडपेचा साधा उल्लेख तरी मी केला होता, तोच पुढे तारला.

कागदपत्रं इंग्रजीत किंवा हिंदीत लागतात, मराठी चालत नाही. मी मराठीत विचार करून, मराठीत लिहून मग भाषांतर करून घेतलं आणि पेटंट एजंटाने वापरलेला प्रत्येक शब्द विचारून घेतला. 'आटवणं' आणि 'उकळणं' यांना त्याने एकच शब्द वापरला होता.

७. क्लेम: इथे घाई नको

पेटंटचं कुंपण म्हणजे क्लेम. बाकीची पानं तो समजावून सांगायला असतात. माझा पहिला क्लेम असा होता:

"थर्मोकपल, कंट्रोलर व बझर असलेलं, ११८ अंशांवर इशारा देणारं गूळयंत्र."

यात तीन चुका आहेत. नवं काहीच नाही. ११८ लिहिल्यावर ११७ वाला मोकळा सुटला. आणि 'थर्मोकपल' लिहिल्यावर दुसरा सेन्सर लावणारा मोकळा. तापमान ओळखायला आकडा दाखवणारा सेन्सरच हवा असंही नाही. तोशिबाने १९५५ मध्ये आणलेल्या भाताच्या कुकरमध्ये बाहेरच्या भांड्यातलं पाणी संपलं, की तापमान १०० च्या वर उसळायचं आणि द्विधातू पट्टी वाकून वीज तुटायची. मीटर नाही, आकडा नाही, तरी मोजमाप आहे.

शेवटचा क्लेम मराठीत सांगायचा तर असा झाला: उघड्या काहिलीत रस आटवताना जाळ नियंत्रित करण्याची पद्धत, जिच्यात पाकाचं तापमान ठराविक अंतराने जाणून त्याच जागच्या पाण्याच्या उत्कलनबिंदूशी असलेला फरक काढला जातो, त्या फरकाच्या वाढीचा वेग आणि चुलवाणाच्या भिंतीचं तापमान यांवरून जाळ तोडल्यानंतरची वाढ काढली जाते, आणि दोन्हींची बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोचली की हवेची झडप बंद होते. उत्कलनबिंदूशी फरक धरल्यामुळे कोल्हापूर असो की समुद्रकाठ, क्लेम तोच लागू पडतो. ९८ वर उकळणाऱ्या पाण्याने मला एवढं शिकवलं.

त्याखाली उपक्लेम घ्या: मर्यादेची विशिष्ट श्रेणी, सेन्सरचा प्रकार, त्यावर साखर चिकटू नये म्हणून केलेली नळी. मुख्य क्लेम पडला तर यांच्यावर उभं राहता येतं.

हातचं राखून ठेवू नका. तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली पद्धत लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. 'गुपित आकडा' लपवला, तर त्याच कारणाने पेटंट पुढे रद्द होऊ शकतं.

८. कागद आणि पैसे

- फॉर्म १: अर्ज
- फॉर्म २: स्पेसिफिकेशन, सोबत आकृत्या आणि १५० शब्दांच्या आतला सारांश
- फॉर्म ३: परदेशातल्या अर्जांची माहिती, काही नसलं तरी
- फॉर्म ५: शोधकर्त्यांची घोषणा, कंप्लीटबरोबर
- फॉर्म २६: एजंट नेमला तरच
- फॉर्म २८: लघुउद्योग किंवा स्टार्टअप म्हणून सवलत हवी असेल तर, उद्यम किंवा स्टार्टअपच्या दाखल्यासह. स्वतःच्या नावाने अर्ज करणाऱ्याला लागत नाही.
- ऑनलाइन भरायचं तर डिजिटल सही

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आहे, इतरांना ८०००. तीसच्या वरच्या प्रत्येक पानाला १६० आणि दहाच्या वरच्या प्रत्येक क्लेमला ३२० रुपये जादा. तपासणीची विनंती ४००० रुपये. कागदावर दिलात तर दहा टक्क्यांच्या आसपास जास्त. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, म्हणजे अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. एजंटाची फी अर्थात वेगळी. स्टार्टअप असाल तर 'सिप' या सरकारी योजनेत फॅसिलिटेटरची (अर्जाचं काम करून देणाऱ्याची) फी सरकार भरतं; ती योजना अजून चालू आहे का, ते आधी विचारा.

मोठा सापळा इथेच आहे. 'दोन महिन्यांत पेटंट, खात्रीशीर' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा डिझाइन रजिस्ट्रेशन विकत असतो. ते फक्त बाह्य रूपाला मिळतं. माझ्या सल्लागाराने मला पेटीच्या आकाराचं प्रमाणपत्र मिळवून देण्याची तयारी चालवली होती. पेटी! उद्या कोणी आतलं सगळं उचलून गोल डब्यात भरलं असतं तर मी काय करणार होतो? एजंट नोंदणीकृत आहे का, हे पेटंट कार्यालयाच्या यादीत स्वतः पाहा.

९. अर्ज केला, आता आपोआप काही होत नाही

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म ९ आणि २५०० रुपये. पण तपासणी स्वतः मागितल्याशिवाय होत नाही, त्यासाठी फॉर्म १८. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना तो भरायची मुदत ३१ महिने आहे. माझ्या वेळी ४८ होते, आणि जुने लेख वाचणारे अजून तेच धरून बसतात. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा व्यक्ती-अर्जदारांत एक तरी महिला असेल तर फॉर्म १८ए भरून तपासणी लवकर मागता येते, व्यक्तीला फी ८०००. वर्कशॉपमधली भागीदार बहीण खरोखर सहअर्जदार असेल तर तिचं नाव घ्या. पण जिने शोध लावला नाही तिला शोधकर्ती दाखवू नका.

परदेशातही अर्ज करायचा असेल तर भारतातल्या तारखेपासून १२ महिन्यांत. भारतात आधी अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ ने परवानगी घ्यायची.

या काळात यंत्रावर 'पेटंट पेंडिंग' लिहा. 'पेटंटेड' लिहिलंत तर दंड होऊ शकतो.

१०. पहिला तपासणी अहवाल

'एफईआर' हातात पडला की पोटात गोळा येतो. पंधरा हरकती पाहून मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. पण जवळपास प्रत्येकालाच हरकती येतात. उत्तराला सहा महिने मिळतात, विनंती केली तर आणखी तीन.

हरकत जशी आली तशी, त्याच क्रमाने उत्तर द्या. 'आमचा शोध क्रांतिकारक आहे' वगैरे लिहू नका. मी वहीतले दोन आलेख दिले: एक बझर ११८ ला वाजवून जाळ ओढल्याचा, दुसरा झडप आधी बंद केल्याचा. पहिल्यात रेघ मर्यादेच्या वर जाते, दुसऱ्यात तिथेच झोपते. सुनावणी व्हिडिओवर झाली. अधिकाऱ्यांनी एकच विचारलं, मेणाच्या भट्टीत गॅस बंद करतात त्यापेक्षा हे वेगळं कसं? मी म्हणालो, साहेब, गॅस बंद होतो, चिपाड बंद होत नाही. साठलेली उष्णता मोजणं हाच फरक. त्यानंतर १५ दिवसांत तेच लेखी द्यावं लागतं, ते विसरू नका.

११. मिळाल्यावर

मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी: व्यक्तीसाठी तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला ८०० रुपये, सातव्या ते दहाव्याला २४००, पुढची पाच वर्षं ४८००, शेवटची पाच ८०००. पेटंट मिळेपर्यंत उलटलेल्या वर्षांची थकलेली फी नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायची. हे मला प्रमाणपत्राची फ्रेम करून भिंतीवर लावल्यावर कळलं. फी चुकून पेटंट पडलं, तर १८ महिन्यांच्या आत फॉर्म १५ ने ते पुन्हा जिवंत करून मागता येतं. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर त्यात हितसंबंध असलेला कोणीही विरोध दाखल करू शकतो, म्हणून वही फेकू नका. आणि पेटंटचा वापर होतोय का हे सांगणारा फॉर्म २७ आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा भरायचा असतो. माझ्या तारखा मी गुऱ्हाळाच्या हंगामाच्या कॅलेंडरवरच लाल पेनाने लिहून ठेवल्या आहेत, कारण ते एकच कॅलेंडर आमच्याकडे रोज बघितलं जातं.